पाचवीचा कागद

बडनेरा
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

लीलाबाई विहीणबाईंना आशाबाईचा नमस्कार.

खुशालरावांच्या हाती डबा पाठवते आहे. डिंकाचे लाडू आहेत, पंधरा. सोळावा वळताना फुटला, तो आपल्या नातीनं, दुर्वानं खाल्ला. झाकण घट्ट बसते. चमच्याच्या दांडीनं उचकवा, नखं लावू नका.

पाकीट लाडवांवरच ठेवलं आहे. अक्षर ओळखाल. आमचे हे, नत्थुजी, एस.टी. डेपोत होते तेव्हा त्यांचा डबा घेऊन जायची अन् गाड्यांच्या पाट्या वाचत बसायची. चाळिशीनंतर तशीच शिकले, म्हणून अक्षरही पाटीसारखंच, मोठं अन् वाकडं. तुम्ही एकदा म्हणाल्या होत्या, "इहीनबाई, तुमचं अकोला लय सुंदर येते, बाकीची गावं मातर रस्त्यातच पंक्चर होतात." ते आठवलं का अजूनही हसू येते. मग थांबते.

फोन तुम्ही घेत नाही. चार वर्षांमागे मी दारात आले होते, तेव्हा दार लावलंत. तुमचा राग रास्त आहे. तुमची थोरली लेक, प्राजक्ता, माझ्या घरात गेली. मी काही म्हणत नाही.

तुमच्या धाकटीला, पौर्णिमेला, मुलगा झाल्याचं खुशालरावांनी सांगितलं. ते आमच्या गल्लीतले, रेल्वेत आहेत. रोज ड्युटीला अकोल्याला येतात अन् दुपारी बहिणीकडे जेवतात, ती बहीण तुमच्या घरासमोरची. म्हणजे तुमच्या दारातलं मला कळते, माझ्या दारातलं तुम्हाला कळत नाही. हे काही बरोबर नाही, पण तसं आहे.

बुधवारी झाला म्हणजे काल पाचवी झाली. पाट मांडला असेल. सटवाईसमोर कोरा कागद अन् पेन ठेवला असेल, तिनं येऊन लेकराचं नशीब लिहावं म्हणून. कागद कोरा होता ना? दोन्ही बाजूंनी? असंच विचारते.

आता मागणं. लाडू त्यासाठीच वळले, खोटं कशाला बोलू. पौर्णिमेचं बी.पी. एकदा तपासून घ्या. बाळंतपण झालं का बाईची जोखीम संपली, असं आपण समजतो. तसं नसते. हात-पाय सुजले, डोकं दुखलं, तर लेप लावत बसू नका, दवाखान्यात न्या. आपल्या प्राजक्ताच्या वक्ती आपल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. आता मी तुम्हाला सांगते आहे.

दुर्वा तिसरीत आहे. नाक प्राजक्ताचं, जिद्द तुमची. मधल्या खोलीत मी दिवसाही लाईट लावून ठेवते, त्यावरून रोज मला बोलते. तिचा बाप किशोरही कुरकुरते. त्या खोलीत बाज होती, प्राजक्ताची. आता तिथं नुसत्या गोधड्या आहेत.

एवढं वाचलं असेल तर उपकार.

आशाबाई


बडनेरा
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

डबा परत आला. घासून, पुसून, आत ओंजळभर तुरीची डाळ घालून. वैऱ्याचाही डबा तुम्ही रिकामा जाऊ देत नाही, हे मला माहीत आहे. डाळीच्या वर माझं पाकीट होतं, चिकटवलेलं तसंच.

हे दुसरं लिहून त्याच डब्यात पाठवते. तेही परत येईल, तरी लिहिते. तुमच्या हातात नाही गेलं तरी माझ्या हातातून तर जाईल.

खुशालरावांची बहीण लेकराला पाहायला आत येऊन गेली. पौर्णिमेचे पाय सुजले आहेत म्हणे. बांगड्या मनगटात रुतल्या आहेत. सरकारी आशा-सेविका बी.पी.चं मशीन घेऊन आली तर तुम्ही तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. म्हणाल्या, "माही एक लेक दवाखान्यानं खाल्ली. दुसरीले हात लावू देणार नाई." खुशालरावांनी मध्ये तोंड घातलं, "मशीन लावल्यानं काय जाते, बाई?" तर तुम्ही त्यांना, "बडनेऱ्याची अक्कल बडनेऱ्यातच ठेवा, भाऊ." हे सांगताना खुशालराव हसत होते. मला हसता आलं नाही. दवाखान्यानं खाल्ली, हा घास तुमच्या तोंडी कोणी भरवला ते मला ठाऊक आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आपल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ते बरोबर नाही. चिठ्ठी होती.

मुळापासून सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी होते, ही जगाची रीत. तुम्ही प्राजक्ताला न्यायला आल्या होत्या, तिची पिशवी भरलेली होती. मीच अडवली. म्हटलं, इथं दवाखाना जवळ आहे, उन्हातान्हात कशाला प्रवास. तो बहाणा होता. मला लेक नाही, विहीणबाई. उभ्या जन्मात एक बाळंतपण आपल्या हातानं करावं, तेल लावावं, धुरी द्यावी, शेक द्यावा, "खा वं माय" म्हणून घास पुढे करावा, एवढी हौस होती. प्राजक्ता हसून म्हणाली, "आई, राहू दे. आत्याबाईचं मन मोडवत नाई." तुम्ही एकट्याच गेल्या. तुमची पाठ मला अजून दिसते, हिरवं लुगडं होतं.

बाळंतपण चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सुट्टी देताना वॉर्डातल्या बिल्कीस सिस्टरनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. प्राजक्ताच्या नाही, किशोरच्या नाही, माझ्या.

पाचवीला दिवेलागणीला पाट मांडला. सगळं होतं, कोरा कागद नव्हता. वहीचं पान फाडायला गेले तर त्यावर रेघा. प्राजक्ता बाजेवरून म्हणाली, "कॅलेंडरचं पान घ्या ना, आत्याबाई, मांगून कोरं असते." मी म्हटलं, "वेडी हायेस काय, गेल्या महिन्यावर कोणी लेकराचं नशीब लिहिते?" ती इतकी हसली की टाके दुखले म्हणाली. मग मला चिठ्ठी आठवली. पांढरीशुभ्र, जाड, मागून कोरी करकरीत. लिहिलेली बाजू खाली केली, कोरी वर केली, पेन ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर चार घड्या घातल्या, लाल दोरा बांधला अन् दुर्वाच्या दुपट्याखाली सरकवली. सवा महिना तो दोरा सोडायचा नसतो. सटवाईचं लिहिलेलं माणसानं वाचायचं नसते.

चिठ्ठी वाचायची राहून गेली. घरात घाई होती.

तुमच्याकडे दहावं परवा येते. तोवर थांबू नका. दहाव्याचं न्हाणं होऊन सुवेर फिटत नाही तोवर बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, ही रीत आपण दोघीही पाळत आलो. मी एकदा पाळून पाहिली. तुम्ही पाळू नका.

आशाबाई


बडनेरा
गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपार

इहीनबाई,

आता शुद्ध लिहिनं होत नाही. बोलते तसंच लिहून राहिली.

हे पान पाकिटात नाई. मी लिहिली का बिल्कीस सिस्टर फोनवर त्याचा फोटो काढते अन् खुशालरावले पाठवते. खुशालराव तुमच्या दारासमोर उभे राहून मोठ्यानं वाचतीन. दार लावसान तर खिडकीतून वाचतीन. गल्ली ऐकीन. ऐकू द्या. खुशालराव, तुमाले माह्या गळ्याची आण, एक अक्षर गाळू नोका.

बारा वाजता खुशालरावचा फोन आला. डबा पोचला का नाई ते सांगाले केलता. बोलता बोलता सहज सांगतलं, का बहीण तुमच्या घरी बसाले गेलती, तं पौर्णिमानं इचारलं, "आई, लाईट गेली काय?" खुशालराव म्हणे, "भर दुपार, दार सताड उघडं, फॅन फिरून राह्यला, अन् पोट्टी म्हणते लाईट गेली काय! झोपीत असंन." हसले. तुमी तिले म्हणल्या, "हाव, गेली. नीज बाई."

माह्या हातातला फोन पडला.

इहीनबाई, हेच बोल मी नऊ वर्सांपासून आयकून राहिली. प्राजक्तानं असंच इचारलं होतं. नववाच दिवस होता, दुपारच होती. "आत्याबाई, लाईट गेली काय? उलीशी खिडकी उघडा ना." खिडकी उघडीच होती. तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. अन् मी म्हणली, "हाव, गेली. नीज माय." तुमच्यासारखीच. शब्दाले शब्द.

तवापासून मी त्या खोलीतली लाईट बंद करत नाई. तरी दुपारी कवा बवा आवाज येते. ती काई भूत नाई. रागावत नाई, रडत नाई. लाईट गेली काय, एवढंच इचारते. मी रोज सांगते, नाई गेली माय, हे पाय, चालू हाय. ती पुन्हा इचारते.

आता खरं.

कालच्या पत्रात लिहिलं का चिठ्ठी वाचाची राहून गेली. तुमी ते पत्र उघडलं नसंन, पण झूट ते झूट. मी वाचली होती. वॉर्डाच्या दारात, बिल्कीस सिस्टरच्या समोर, मोठ्यानं वाचली होती. मले वाचता येते हे त्या सिस्टरले दाखवाचं होतं. बाजूच्या बायका पाहून राह्यल्या होत्या. सिस्टर म्हणली, "वा, आशाबाई!" मी फुलून गेली. त्या वक्ताले वाचलेलं अजून तोंडपाठ हाय:

"बाळंतिणीचे बी.पी. वाढलेले आहे. घरी गेल्यावर तिसऱ्या व सातव्या दिवशी तपासून घेणे. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, कमी दिसणे, छातीखाली दुखणे, अंगावर सूज, यातले एकही दिसले तर त्याच घटकेला घेऊन येणे. वाट पाहू नये."

"वाट पाहू नये"च्या खाली दोन रेघा होत्या.

घरी गेल्यावर तिसरा दिवस आला, मी गेली नाई. म्हणलं, ओली बाळंतीन वाऱ्यात कशी काढू? आठव्या दिवशी तिचं डोस्कं ठणकाले लागलं. मी सुंठीचा लेप लावला, फडकं आवळून बांधलं. ती म्हणे, "आत्याबाई, सैल करा ना." मी अजून आवळलं. किशोरनं इचारलं, "माय, ते दवाखान्यातली चिठ्ठी कुठी हाय? त्यात काय होतं?" मी म्हणली, "ते सटवाईले वाह्यली. आता उघडता येत नाई." लेकरानं मानलं. त्याले काय ठाव, का त्यातलं अक्षर अन् अक्षर माह्या डोस्क्यात होतं. दोरा सोडाची गरजच नोयती. नुसतं तोंड उघडाचं होतं.

काहून नाई उघडलं? मी सोताले लय वेळा इचारलं. एक दिवस राह्यला होता, म्हून. दुसऱ्या दिवशी दहावं होतं. पाणी तापवाचं, न्हाऊ घालाची, नवं लुगडं नेसवाचं, अन् मंग दवाखान्यात न्याची, असं मनात ठरवलं होतं. बाळंतपण मी चांगलं केलं, हे तुमाले दाखवाचं होतं. मधीच दवाखान्यात नेली असती तं तुमी म्हणल्या असत्या, जमलं नाई हिले. या एवढ्याशा गोष्टीपाई.

नवव्या दिवशीच सांजेले तिले झटके आले. पुढचं तुमाले माहीत हाय.

अन् मंग तुमी दवाखान्याच्या पायरीवर बिल्कीस सिस्टरचा पदर धरला. जे तोंडात आलं ते बोलल्या. ती म्हणत होती, "मैंने चिठ्ठी दी थी." तुमी माह्याकडं वळल्या, "देल्ली होती काय वं चिठ्ठी?" मी मान हालवली. नाई म्हणून. चौकशीले आलेल्या साहेबाइनं इचारलं तवाही नाई म्हणली. तिची पार मेळघाटात, धारणीले बदली झाली, दोन वर्सं. चिठ्ठी त्या वक्ती दुर्वाच्या दुपट्याखाली होती.

आता ती रिटायर होऊन इथीच राहते, पटरीच्या पलीकडं. बजारात दिसली का मी गल्ली बदलत होती. आज फोन पडला तशी चिठ्ठी मुठीत घेऊन अनवाणी पळत तिच्या घरी गेली. दारातच म्हणली, "सिस्टर, मी आशाबाई."

"मालूम है," ती म्हणली. "नौ साल से देखतेय, मेरेकू देखके रस्ता बदलते तुम."

"ते चिठ्ठी मी..."

"पढ़के सुनाई थी ना मेरेकू. भूली नहीं मैं." मंग माह्या हाताले धरून बसवलं. "वो बाद में. लडकी को कितवा दिवस?"

"नववा."

ती उठली. अकोल्यात तिच्यासंगं काम केलेली एक सिस्टर हाय, तिले फोन लावला. गाडी तुमच्या दारात येऊन राह्यली, इहीनबाई. पंधरा मिनिटांत येते. पण बाजेवरून उठवाचं तुमाले हाय. तुमी दार नाई उघडलं तं गाडी काय करीन?

दवाखान्यानं तुमची लेक नाई खाल्ली. दवाखान्यानं लिहून देल्लं होतं. मी वाचलं होतं. मी नाई नेली. तुमाले ज्याले शिव्या द्याच्या होत्या ते हे माणूस होय. नऊ वर्सं तुमी भलत्याच दाराले दगड मारले, ते मी पाह्यले, अन् तुमाले दार दाखवलं नाई.

माह्यावर थुंका. पण आंधी पौर्णिमाले उठवा. दहावं उद्या हाय. उद्याची वाट पाहू नोका.

बिल्कीस सिस्टर आता रेल्वेनं निंगते. चिठ्ठी तिच्याजवळ देली. दोरा मी आज सोडला.

आशा


बडनेरा
सोमवार, १० मार्च २०२५

विहीणबाई,

पुन्हा शुद्ध, सावकाश लिहिते.

दार उघडलंत हे खुशालरावांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाले, त्यांनी "वाट पाहू नये"पर्यंत वाचलं अन् तुम्ही आतून ओरडल्या, "पुरे!" मग कडी वाजली. गाडीत बसताना पौर्णिमेला एक झटका आला, पण अकोल्याची सिस्टर सोबत होती, सुई तयार होती. तुम्ही पुढं बसून होत्या, मागं वळून पाहत नव्हत्या, लेकरू छातीशी होतं. खुशालराव म्हणतात, माझं पत्र वाचताना त्यांचा घसा बसला, तर गल्लीतला एक जण म्हणाला, "भाऊ, मोठ्यानं." गल्ली कोणतीही असो, गल्लीच असते.

सहा दिवस दवाखान्यात राहावं लागलं ना? बिल्कीस सिस्टर एक रात्र राहून परत आल्या. तुम्ही त्यांच्याशी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चाय पिलाई लीलाबाईने. शक्कर जादा डाली थी."

चिठ्ठी मात्र तुमच्याकडेच राहिली होती. ती परवा खुशालरावांच्या हाती आली. मी आधी पाहिली नाही, देवाजवळ ठेवून दिली. खरं सांगते, ती कोरी बाजू मी दरवर्षी दुर्वाच्या वाढदिवसाला दोरा न सोडता कडेकडेनं पाहत आले. काही उमटलं का म्हणून. काही नसायचं. मनात यायचं, सटवाई आली असेल, कागद उचलला असेल, खालची बाजू आधी वाचली असेल अन् पेन ठेवून निघून गेली असेल.

काल उघडली. मागं तुमचं अक्षर. एकाखाली एक, सहा दिवसांचं बी.पी.:

१८०/११०
१६४/१०४
१५०/९६
१५२/९४
१३६/८६
१२८/८२

त्याखाली: "पौर्णिमाले दिसते."

अन् अगदी तळाला, पेन बदलून: "दुर्वाले उन्हाळ्यात पाठवा. तुमी येऊ नका."

येणार नाही. यात माझी काही तक्रार नाही. नऊ वर्षं दुसऱ्या आजीवाचून राहिली पोर, तेही माझ्याच पायी.

पण तिला पाठवायची तर सगळं सांगून पाठवावी, असं वाटलं. तुमच्या तोंडून तिनं ऐकावं, हा भार तुमच्यावर कशाला? काल रविवार, दुपारी खेळून आली. मी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. म्हटलं, वाच. ती घडाघडा वाचते हो, माझ्यासारखी अडखळत नाही. "वाट पाहू नये"च्या रेघांवरून बोट फिरवलं अन् विचारलं, "हे कोणासाठी लिवलं होतं, आजी?"

"तुह्या आईसाठी."

"कोणाजवळ देल्लं होतं?"

"माह्याजवळ."

तिनं कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "तुले तं वाचता येते."

"हाव."

"मंग नेलं काहून नाई?"

तुम्हाला गल्लीभर सांगितलं, ते तिला सांगताना तोंड उघडेना. लेप, दहावं, हौस, सगळं ओठापर्यंत आलं. नऊ वर्षांच्या लेकराला हौस काय सांगू? मी म्हटलं, "माही चूक झाली." ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. जेवली, गृहपाठ केला. रात्री रोज माझ्या कुशीत निजते, काल किशोरजवळ निजली.

आज सकाळी शाळेत निघताना चपला घालता घालता मधल्या खोलीत डोकावली अन् सवयीनं बटण बंद केलं. "दिवसा कोणी लाईट लावते काय, आजी?" रोजचंच वाक्य, पण आज माझ्याकडे न पाहता. ती गेली. खोलीत खिडकीचं ऊन होतं तेवढंच. मी दारात बसून राहिले, बारा वाजेपर्यंत. कान देऊन. कूकरच्या शिट्ट्या, पटरीवरून जाणारी मालगाडी, शेजारच्या घरातलं भांडण. दुसरं काही नाही.

मग मी उठले अन् लाईट परत लावली. कोणी विचारलं नाही म्हणून काय झालं? विचारेल तेव्हा चालू असावी.

परवा, बुधवारी, पौर्णिमेला बेचाळीस दिवस पूर्ण होतात. मी बोटावर मोजले, मग कॅलेंडरवर मोजले. त्या दिवशी तपासणी असते, बी.पी.ची, रक्ताची, अन् तिची झोप, तिचं मन कसं आहे याचीही. सिस्टर म्हणाल्या, ही कोणी चुकवू नये, अन् चुकवतात सगळे, कारण तोवर बाई उठून भाकरी थापायला लागलेली असते.

मागच्या वेळी चिठ्ठी आली, डबा आला नाही. मी ओट्यावर दोन वेळा पाहिलं, खुशालरावांची पिशवीही पाहिली. राहू द्या. त्यात काही ठेवत असाल तर ठेवा. झाकण चमच्यानं उचकवता ना?

बुधवारी न्या तिला. सकाळीच न्या.

आशाबाई